प्रतिपिंडांचं ‘विलगीकरण’ की ‘पृथक्करण’?

शंका : माणसाच्या रक्तरसातले प्रतिपिंडांचे वर्ग (आयजीजी, आयजीए, आयजीएम) ‘सेपरेट’ करण्याच्या पद्धतींवर लेख लिहितोय. ‘विलगीकरण’ लिहिलं तर वाचणाऱ्याला क्वारंटाइन आठवतो. ‘पृथक्करण’ चालेल का?

प्रतिसाद : ‘पृथक्करण’ वाचलं की मला रासायनिक पृथक्करण, म्हणजे ॲनालिसिस आठवतं. पण खरी अडचण वेगळीच आहे. प्रत्येक पद्धत निराळं काम करते, त्यामुळे एकच नाम सगळीकडे चिकटवू नका. क्रियापद वापरा.

साधा इलेक्ट्रोफोरेसिस घ्या, म्हणजे विजेने रक्तरसातली प्रथिनं पट्ट्यांत पांगवणं. टिसेलियस आणि काबाट यांनी १९३९ मध्ये प्रतिपिंडं गॅमा नावाच्या पट्ट्यात असतात हे दाखवलं. पण तो पट्टा पसरट असतो. त्यात मुख्यतः आयजीजी, आणि आयजीए-आयजीएम त्यात मिसळून शेजारच्या बीटा पट्ट्याकडे सरकलेले. इथे वर्ग वेगळे झाले असं म्हणताच येत नाही. ग्राबार आणि विल्यम्स यांनी १९५३ मध्ये पुढची पायरी जोडली: विजेने प्रथिनं पांगवायची, मग शेजारच्या चरात प्रतिरक्तरस (या प्रथिनांना धरणारी प्रतिपिंडं असलेला रक्तरस) सोडायचा. जेलमध्ये प्रत्येक वर्गाची स्वतंत्र कमान उमटते. म्हणजे वर्ग ‘वेगळे ओळखू येतात’, हातात काहीच येत नाही.

हातात येतात ते स्तंभातून, म्हणजे मण्यांनी भरलेल्या उभ्या नळीतून. जेल फिल्ट्रेशनमध्ये सच्छिद्र मणी असतात. सुमारे ९ लाख डाल्टन (रेणूच्या वजनाचं एकक) वजनाचा आयजीएम त्या छिद्रांत शिरूच शकत नाही, म्हणून आधी बाहेर पडतो. दीड लाखाचा आयजीजी रेंगाळत मागून येतो. इथे बिनधास्त ‘वेगळा काढला’ लिहा. मात्र रक्तरसातला बहुतेक आयजीए आकाराने आयजीजीच्या जवळपास, त्यामुळे तो याच ढिगात सापडतो. तिथे प्रथिनांना विद्युतभारानुसार धरणारा आयन-विनिमय स्तंभ लागतो. डीईएई या त्याच्या एका प्रकारच्या स्तंभावर साधारण ८ पीएच आणि कमी क्षार ठेवले, तर आयजीजीचा बराचसा भाग न चिकटता निघून जातो आणि बाकीची बहुतेक प्रथिनं अडकून राहतात.

शंका : आणि प्रोटीन ए (आयजीजीला धरून ठेवणारं जिवाणूंचं प्रथिन) वापरलं तर ‘आयजीजी वेगळा केला’ म्हणू ना?

प्रतिसाद : जपून. आयजीजीच्या चार उपवर्गांपैकी आयजीजी३ प्रोटीन ए-ला सहसा धरत नाही, तो धुण्यातच वाहून जातो. चारही हवे असतील तर प्रोटीन जी हे तसंच दुसरं प्रथिन वापरा.

दुसरा प्रतिसाद : रक्तपेढीतली गोष्ट राहिली. गर्भवतीच्या रक्तरसात डीटीटी (डायथायोथ्रायटॉल हे रसायन) घालतात. त्याने आयजीएमच्या पाच घटकांना जोडणारे डायसल्फाइड बंध तुटतात आणि पेशींच्या गुठळ्या करण्याची त्याची ताकद जाते. आयजीजी मात्र काम करत राहतो, आणि वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळापर्यंत पोचणारा तोच असल्याने त्याचंच मोजमाप हवं असतं. याला काय म्हणायचं?

प्रतिसाद : ‘आयजीएम निष्प्रभ केला’. वेगळं तर काहीच केलेलं नाही, दोघंही त्याच नळीत आहेत. लेखाच्या शीर्षकात ‘वर्ग वेगळे करण्याच्या पद्धती’ ठेवा, डीटीटीला निराळा परिच्छेद द्या.