मोत माउलीची जत्रा: जाणकारांनो, नेमकं सांगा (अनुभव धागा)

धागाकर्ती:
सप्टेंबर जवळ आला की वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चबद्दल (मोत माउली म्हणजे तिथली मारियामाता) तेच तेच प्रश्न येतात. जत्रा कधी, गाडी कुठे लावायची, नवसाचा मेणाचा हात घेतला तर ठेवायचा कुठे, आम्ही ख्रिस्ती नाही तर मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) बसलो तर चालेल का. नवस फळल्याच्या कथा इतरत्र भरपूर आहेत, इथे नकोत. ज्याला जे पक्कं ठाऊक आहे तेवढंच लिहा.

वांद्रेकर:
सगळ्यात मोठा घोळ तारखेचा. ८ सप्टेंबर हा येशूच्या आईचा, मारियेचा जन्मदिवस, पण जत्रा दरवर्षी ८ लाच सुरू होत नाही. ८ तारीख रविवारी आली तर त्याच दिवशी, नाहीतर पुढच्या रविवारी. तिथून पुढचा रविवार धरून आठ दिवस. २०२४ मध्ये ८ ला रविवार होता, म्हणून जत्रा ८ ते १५. २०२५ मध्ये ८ ला सोमवार आला, म्हणून १४ ते २१. कॅलेंडरवर ८ बघून रजा टाकणारे हमखास फसतात. जत्रेआधी नऊ दिवस नोवेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना असते. शांतपणे प्रार्थना करायची असेल तर खरं तर तेच दिवस बरे. जत्रेतले दोन्ही रविवार टाळा, आठवड्यातली एखादी दुपार गाठा.

गाडी अजिबात आणू नका. जत्रेच्या दिवसांत माउंट मेरी रोड आणि आजूबाजूचे रस्ते बाहेरच्या गाड्यांना बंद असतात, फक्त रहिवाशांना पास मिळतो. वांद्रे स्टेशन पश्चिमेहून बेस्ट जादा बस सोडते. चालत गेलात तर हिल रोडने अंदाजे तीन किलोमीटर, शेवटचा टप्पा चढाचा. म्हाताऱ्या माणसांना बसनेच न्या. मोठ्या पिशव्या घरी ठेवा, तपासणीत अडकतात.

फिरस्ती:
पोर्तुगीजांनी बांधलेली चारशे वर्षांची इमारत बघायला मिळते, हे एकच कारण पुरेसं आहे!

पापडीकर:
फिरस्ती, इमारत नाही हो, परंपरा तेवढी जुनी. आजचं चर्च १९०४ चं, आणि त्याचा आराखडा शापूरजी चंदाभॉय या पारशी वास्तुविशारदाचा. मारियेची मूर्ती मात्र सोळाव्या शतकात जेझुइट (एक कॅथलिक संघ) धर्मगुरूंनी पोर्तुगालहून आणली आणि टेकडीवर मातीचं छोटं प्रार्थनास्थळ उभारलं. १७०० च्या सुमारास अरब चाचे चढून आले. मूर्तीच्या हातातली सोनेरी वस्तू खऱ्या सोन्याची समजून त्यांनी उजवा हातच तोडला. पुढे त्या जागी बाळ येशू बसवला, असं सांगतात.

पुढची उलथापालथ आपल्या इतिहासातली. चिमाजी अप्पांची साष्टी-वसईची मोहीम १७३७ ला सुरू झाली आणि मे १७३९ मध्ये वसई पडली. त्या धामधुमीत टेकडीवरचं ते प्रार्थनास्थळ पाडलं गेलं, तेही मराठ्यांनी नव्हे, पोर्तुगीजांनीच. खाली टोकाला त्यांचा १६४० चा किल्ला आहे, ज्याला आपण वांद्र्याचा किल्ला म्हणतो. शत्रूच्या हाती टेकडी गेली तर किल्ला थेट माऱ्यात येतो, एवढं साधं गणित होतं. ‘मराठ्यांनी चर्च पाडलं’ असं बेधडक लिहिणाऱ्यांनी एकदा टेकडीवर उभं राहून किल्ल्याकडे बघावं. १७६१ मध्ये चर्च पुन्हा उभं राहिलं. १९५४ मध्ये पोप पायस बारावे यांनी त्याला बॅसिलिकेचा, म्हणजे खास मानाच्या चर्चचा दर्जा दिला.

चिंबईचा:
मधल्या काळात मूर्ती कुठे होती याच्या दोन हकिकती आहेत. एक, माउलीची प्रतिमा १७३९ ते १७६१ माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये आसऱ्याला होती. दुसरी आम्हा कोळ्यांची: एका कोळ्याला स्वप्न पडलं की मूर्ती समुद्रात सापडेल, आणि ती सापडली. पहिली चर्चच्या इतिहासात लिहिलेली, दुसरी तोंडोतोंडी आलेली. दोन्ही एकत्र कालवून ‘माहीमहून नेताना समुद्रात पडली’ असं कोणीतरी रचून पसरवतं, ते घेऊ नका. कोळीवाड्यात दुसरीच चालते आणि चालणार.

मेणकाम:
मेणाच्या वस्तूंबद्दल. ज्याचं दुखणं त्याचा आकार: हात, पाय, डोळे, हृदय. मूल हवं तर बाळ, जागा हवी तर घर, परदेशी जायचं तर विमान. वस्तू मूर्तीपुढे ठेवायची असते, पेटवायची नसते. पेटवायची ती मेणबत्ती, तीही बाहेरच्या स्टँडवर, आत नाही. सप्टेंबरात तिथे वारा असतो, म्हणून बारीक लांब मेणबत्तीपेक्षा बुटकी जाड घ्या.

घेताना काय बघायचं? ही बाळं, हात-पाय बहुधा पोकळ असतात. दोन भागांच्या साच्यात पॅराफिन मेण साधारण ७० अंशांना ओततात. कडेला दोन-तीन मिलिमीटरचा थर धरला की उरलेलं परत भांड्यात. घाईने उलटलं तर भिंत पातळ राहते आणि गर्दीत बोटं मोडतात. मेण फार गार असताना ओतलं तर अंगावर आडव्या रेघा दिसतात, फार गरम ओतलं तर साच्याला चिकटतं. प्लास्टरचा साचा आधी पाण्यात भिजवून वरचं पाणी टिपून घेतात, नाहीतर मेण सुटत नाही. कडकपणासाठी पाच ते दहा टक्के स्टिअरिक ॲसिड घालतात. हे न घातलेली वस्तू मुठीतल्या उबेने मऊ पडते. उजेडात धरा: बोटांपाशी जास्तच आरपार दिसत असेल तर दुसरी मागा.

घरी करणाऱ्यांनी मेण थेट आचेवर ठेवू नये, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून वितळवावं. पेट घेतलाच तर झाकण टाका आणि गॅस बंद करा. पाणी ओतलंत तर भडका उडतो.

पापडीकर:
धागाकर्तीच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: बसा की! जत्रेत मराठी, कोंकणी, हिंदी, तमिळ, इंग्रजी अशा वेगवेगळ्या भाषांत मिस्सा होतात. चपला काढाव्या लागत नाहीत. लोक उभे राहिले की उभे राहा. गुडघे टेकणं तुमच्यावर. कम्युनियनच्या वेळी, म्हणजे फादर पवित्र भाकर देतात तेव्हा मात्र रांगेत जाऊ नका, जागेवर बसून राहा. ती पातळ भाकर प्रसाद समजून हात पुढे करणारे दरवर्षी भेटतात. ती बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांनीच घ्यायची असते, आणि खिशात टाकून घरी नेणं हा तर मोठाच अनादर. फादरना ओशाळवाणं होतं, तुम्हालाही.

खाऊगल्ली:
आता मुद्द्याचं. खाजं, म्हणजे कडियो-बोडियो: बेसनाच्या जाड शेवेवर गूळ, आलं आणि तीळ यांचा पाक. दुकान निवडताना एक काडी मोडून बघा, कट्ट आवाज आला पाहिजे. पाक गोळीबंद झाल्याशिवाय काड्या घातल्या की वरचा थर ओलसर राहतो, आणि पावसाळी हवेत तासाभरात बोटांना चिकटायला लागतो. पाक पुढे गेला तर गूळ कडवट होतो आणि काड्यांचं ढेकूळ होतं. घरी करणाऱ्यांनी पाकात घातल्या घातल्या काड्या सतत हलवत राहा, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. कोमट भरलं की झाकणाला वाफ धरते. दोदोल (गूळ-नारळाची मऊ मिठाई) घ्यायचा तर कडेला तूप किंवा खोबरेल सुटलेला घ्या आणि दोन-तीन दिवसांत संपवा, नारळ असतो. पेराड, म्हणजे पेरूची वडी मात्र प्रवासाला उत्तम. गावी न्यायचं असेल तर खाज्याचा डबा बसमध्ये खिडकीशी ठेवू नका. एकदा ओल धरलेलं खाजं पुन्हा कुरकुरीत होत नाही, आणि फ्रिजमध्ये तर आणखीच चिवट होतं.