मदत हवी आहे : लाकडी पेट्यांचं फ्युमिगेशन, पोरांना नीट ट्रेनिंग कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी,

बेळगावात उद्यमबागेत आमचं पॅकिंगचं काम आहे. इथल्या फाउंड्र्यांची कास्टिंग परदेशी जातात, त्यांच्या लाकडी पेट्या आणि पॅलेट आम्ही करतो. लाकडातून कीड परदेशी जाऊ नये म्हणून आयएसपीएम 15 हा आंतरराष्ट्रीय नियम आहे, त्याच्या शिक्क्याशिवाय पेटी हलत नाही. म्हणून बाहेरची पार्टी येऊन फ्युमिगेशन करते, म्हणजे मिथिल ब्रोमाइड हा कीड मारणारा गॅस सोडून शिक्का देते. गेल्या खेपेला गिऱ्हाइकानं फोटो पाठवले. शिक्क्याच्या शेजारीच टाचणीएवढी भोकं, आणि खाली पिठासारखा ताजा भुसा.

तेव्हापासून मी स्वतः उभा राहून काम बघतो. पेट्यांवर टाकलेल्या ताडपत्रीच्या कडेनं गॅस अडवायला वाळूच्या पिशव्या हव्यात, त्या अर्ध्याच. पेट्या आधीच प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या, मग गॅस लाकडात शिरणार कुठून? हा गॅस हवेपेक्षा जड, तरी आत पंखा नाही. वर, मध्ये, खाली नळ्या सोडून गॅसच्या प्रमाणाचं रीडिंग घेणं तर नाहीच. डोसही बारा महिने तोच. नियमात 21 अंशांपासून वर घनमीटरला 48 ग्रॅम, 16 च्या खाली गेलं की 64, आणि तेही 24 तासांतल्या सगळ्यात कमी तापमानावर धरायचं. आपल्याकडची डिसेंबरातली रात्र सगळ्यांना ठाऊक आहे. उन्हाळ्याचा डोस तेव्हा कसा पुरेल?

गॅस मारणारं पोरगं कामचुकार नाही हो. त्याला कुणी शिकवलेलंच नाही, मास्कचा गॅस गाळणारा डबा कधी बदलायचा हेसुद्धा. इतका विषारी गॅस, त्याला स्वतःचा वासही नाही. जीव घाबरतो.

ऑस्ट्रेलियाच्या कृषी खात्यानं निर्यात करणाऱ्या देशांतल्या फ्युमिगेटरांना आणि सरकारी तपासनिसांनाही ट्रेनिंग दिलं, त्यात भारतही होता. ते शिकलेलं कुणी इकडे आहे का? हैदराबादच्या एनआयपीएचएममध्ये (वनस्पती आरोग्याची राष्ट्रीय संस्था) फ्युमिगेशनचे कोर्स होतात. तिथं जाऊन आलेल्यांनी सांगावं, हातानं काम करून घेतात की नुसती लेक्चरं? आमची पोरं मराठी-कन्नड बोलणारी, इंग्रजी जेमतेम. पेट्या करणाऱ्यांना घेतात का?

दुसरं, गॅसचा नाद सोडून लाकूड तापवायची भट्टीच घालावी असंही मनात आहे. लाकडाच्या गाभ्यात 56 अंश, सलग 30 मिनिटं. ब्रोमाइड ओझोनला मारक आहे, ओझोन वाचवायच्या मॉन्ट्रियल करारात क्वारंटाइनपुरतीच, म्हणजे मालाबरोबर कीड जाऊ नये एवढ्यासाठीच, त्याला सूट आहे, त्यामुळे आज ना उद्या तिकडंच जावं लागेल असं मला वाटतं. छोट्या यार्डाला परवडते का? कोल्हापूर-हुबळीकडं कुणाची चालू असेल तर येऊन बघतो, कृपया व्यनि करा.