बर्लिनमधलं रेल्वे यार्डातलं जंगल

माहीमच्या डम्पिंग ग्राउंडवर निसर्ग उद्यान झालं तसं युरोपात कुठे बघायला मिळेल असं कुणी विचारलं, तर सांगेन, बर्लिनला गेलात की श्योनेबर्गर झ्यूडगेलेंड हे पार्क चुकवू नका. फरक एवढाच की माहीमला झाडं लावली आणि इथे कुणी काहीच लावलं नाही. हे जुनं टेम्पेलहोफचं मालगाड्यांचं यार्ड, १९५२ मध्ये शंटिंग (डबे जोडायचं-तोडायचं काम) बंद पडलं, शहराची फाळणी झालेली, रेल्वेची जमीन पश्चिम बर्लिनमध्ये पण कारभार पूर्व जर्मनीकडे, मग काय, कुणीच लक्ष दिलं नाही आणि रुळांमधून बर्च नि रोबिनियाची झाडं वाढत गेली. पुढे तिथे परत नवीन मालयार्ड करायचं घाटत होतं, ते लोकांनी लढून हाणून पाडलं आणि २००० मध्ये साधारण १८ हेक्टरचं हे पार्क उघडलं.

मधल्या राखीव भागात लोखंडी जाळीचा पूल केलाय, जमिनीपासून जेमतेम अर्धा मीटर वर, त्यावरूनच चालायचं, खाली बघितलं की गंजलेला रूळ आणि त्याच्या बरोब्बर मधोमध मांडीएवढं जाड खोड! जुनं वाफेचं इंजिन, टर्नटेबल (इंजिन वळवायची गोल फिरती चकती), ५० मीटर उंच पाण्याची टाकी, सगळं जागच्या जागी. गंमत म्हणजे नुसतं सोडून दिलं तर सगळंच जंगल होईल, म्हणून मोकळं गवत मुद्दाम राखतात, कारण रानमधमाश्या नि टोळ तिथेच राहतात. (आपल्याकडे असा प्लॉट रिकामा राहिला असता का, सोडा.)

एसबानचं (बर्लिनची लोकल) प्रीस्टरवेग स्टेशन, उतरलं की समोरच गेट. कुत्रा आणि सायकल आत नेता येत नाही.