फर्नेस दुरुस्त करू की नवा घेऊ? (मिल्टन, ओंटारियो) जरा घाई आहे

मिल्टनकर_७८

नमस्कार मंडळी. मिल्टनला राहतो, घर २००७ चं, आम्ही दुसरे मालक. फर्नेस (घर गरम करणारी गॅसची भट्टी) बिल्डरने बसवलेलाच आहे, म्हणजे १८ वर्षांचा झाला, ८० टक्केवाला, पत्र्याचा पाइप वर छपरातून जातो. गुरुवारपासून नाटकं सुरू झालीत. आधी छोटा पंखा घुर्र करतो, मग इग्नायटर लालभडक होतो, ज्योत पेटते आणि चार-पाच सेकंदात फुस्स. असं तीनदा करतो आणि मग रुसून बसतो. स्विच बंद-चालू केला की परत थोडा वेळ बरा चालतो. बाहेर उणे १८, घरात सकाळी १४, त्यात आईबाबा सुपर व्हिसावर (आईवडिलांना जास्त दिवस राहता येतं तो) आलेत, बाबा कानटोपी घालून शाल पांघरून सोफ्यावर बसलेत आणि दर अर्ध्या तासाने विचारतायत, आला का रे तो माणूस.

शनिवारी नेटवर शोधून एका कंपनीचा माणूस बोलावला. त्याने पॅनल काढलं, टॉर्च मारला, फोनवर एक धूसर फोटो दाखवला आणि म्हणाला हीट एक्सचेंजरला (ज्योतीची उष्णता घरातल्या हवेला देणाऱ्या पत्र्याच्या नळ्यांना) बारीक क्रॅक आहे, कार्बन मोनॉक्साइड (सीओ) हा विषारी वायू घरात येऊ शकतो, खरं तर मला रेड टॅग (धोक्याची लाल चिठ्ठी) लावून गॅस बंद करायला पाहिजे पण घरात म्हातारी माणसं आहेत म्हणून आज लावत नाही, तुम्ही आज सही करा, सोमवारी नवा बसवून देतो. नवा ६,४०० डॉलर अधिक एचएसटी (विक्रीकर). नाहीतर महिना ११९ भाड्याने, दहा वर्षं, सर्व्हिस फुकट. फोटोत मला तर गंजलेल्या पत्र्याशिवाय काही दिसलं नाही. बायको म्हणते पैशाचं नंतर बघू, आधी घर गरम कर. काय करू?

गॅसवाला_हॅमिल्टन

सही केली नसेल तर करू नका. मी जी-टू लायसन्सवाला गॅस टेक्निशियन, हीच कामं करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, ही टॅगची भानगड. क्रॅक खरंच असेल आणि धोका असेल तर टॅग लावणं न लावणं त्याच्या मर्जीवर नाहीये. ओंटारियोत तात्काळ धोका दिसला की टेक्निशियनने गॅस तिथल्या तिथे बंद करून गॅस कंपनीला कळवायचं असतं, घरात म्हातारे असोत की तान्हं बाळ. उलट म्हातारे असतील तर जास्तच. म्हणजे एकतर क्रॅक आहे आणि तो तुम्हाला विषारी हवेत सोडून गेला, नाहीतर क्रॅक नाहीये आणि तो सही मागत होता. दोन्हीपैकी काहीही असलं तरी या माणसाकडून ६,४०० चं काम करून घेऊ नये.

दुसरं, तुम्ही सांगताय ते लक्षण क्रॅकचं नाहीच. क्रॅक असला की ज्योत कधी हलते, तर मोठा ब्लोअर सुरू होऊन हवा एक्सचेंजरवरून जायला लागते तेव्हा. आणि तो ब्लोअर ज्योत पेटल्यावर अर्ध्या-एक मिनिटाने लागतो. तुमची ज्योत त्याच्या आधीच विझतेय. चार-पाच सेकंदात विझणं, तीनदा प्रयत्न, मग लॉकआउट, हे फ्लेम सेन्सरचं अगदी पुस्तकी लक्षण आहे. ज्योतीत बुडालेली एक बारीक दांडी असते, तिच्यातून दोन-चार मायक्रोअँप करंट वाहिला तरच बोर्डाला कळतं की आग खरंच लागलीय. दांडीवर पांढरट थर बसला की करंट जात नाही, बोर्डाला वाटतं नुसता गॅस सुटलाय, तो व्हॉल्व्ह बंद करतो. एक स्क्रू काढायचा, बारीक स्टील वूलने दांडी घासायची, परत लावायची. नवीन दांडी घेतली तरी वीस-तीस डॉलरची वस्तू.

पॅनलच्या आत बोर्डावर एक लाइट लुकलुकत असेल, तो किती वेळा लुकलुकतो ते मोजा. त्याचा अर्थ दाराच्या आतल्या स्टिकरवर छापलेला असतो, तिथे फ्लेम सेन्सचं काही लिहिलेलं सापडतंय का बघा.

पण क्रॅकचं एकदा कानावर आलंय ना, तर दुसऱ्याने बघेपर्यंत फर्नेस बंदच ठेवा. आणि घरातला सीओ डिटेक्टर वाजला नाही म्हणजे सगळं ठीक असं धरू नका, ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग सीओ) तो वाजायला एक ते चार तास घेतो. टीएसएसएकडे (ओंटारियोची गॅस वगैरेची सुरक्षा बघणारी संस्था) नोंद असलेला, आणि शक्यतो फर्नेस न विकणारा, फक्त दुरुस्तीवाला माणूस बोलवा. आत कॅमेरा घालायला सांगा आणि ब्लोअर चालू व्हायच्या आधी आणि नंतर सीओचं रीडिंग घ्यायला सांगा. आकडा कागदावर लिहून मागा.

एडिसनचा_पक्या

मी न्यू जर्सीतून. साहेबांचं म्हणणं बरोबर असेल पण १८ वर्षं म्हणजे फर्नेसचं म्हातारपणच की हो. आज सेन्सर, उद्या इग्नायटर, परवा बोर्ड, दर वेळी माणूस घरी आला की दीडशे-दोनशे गेलेच. शिवाय ८० टक्केवाला म्हणजे शंभरातले वीस डॉलर धुराड्यातून वर. ९६ चा घ्या, गॅस बिलातच पैसे वसूल होतात. आमच्याकडे सरळ हिशोब आहे, दुरुस्तीचा खर्च गुणिले वय, ५,००० च्या वर गेलं की बदला.

लंडनवाली_ताई

(आमचं लंडन ओंटारियोतलं हं, इंग्लंडातलं नव्हे.)

पक्या, वसुलीचा हिशोब मांडून बघ ना जरा. ८० वरून ९६ म्हणजे गॅस एक-षष्ठांश कमी लागतो. फक्त हीटिंगचं गॅस वर्षाला १,००० डॉलरचं धरलं तर वाचले १६५-१७०. एचएसटी सोडून ६,४०० वसूल व्हायला ३८ वर्षं. तोवर तो नवाही दोनदा म्हातारा होईल. त्यात १ एप्रिल २०२५ पासून इथे गॅस बिलातला कार्बन चार्ज गेला, म्हणजे वाचवायला तेवढंही उरलं नाही. शिवाय कॅनडात २०१९ च्या जुलैपासून ९५ च्या खालचा गॅस फर्नेस विकताच येत नाही, तेव्हा ९६ घ्या ९६ घ्या म्हणून जो सेल्समन गळ्यात पडतो तो काही वेगळं देत नाहीये. बदलायचा तर खराब झालाय म्हणून बदला, बिल कमी होईल म्हणून नको.

आणि भाड्याचं तर नावच काढू नका. ११९ गुणिले १२० महिने, झाले १४,२८०, वर एचएसटी, आणि बहुतेक करारात दरवर्षी दोन-चार टक्के वाढ बारीक अक्षरात लिहिलेली असते. माझ्या नणंदेने घर विकायला काढलं तेव्हा कळलं की आधीच्या मालकाच्या फर्नेस-भाड्यापोटी टायटलवर (घराच्या मालकीच्या कागदावर) बोजा चढवून ठेवलाय, सोडवायला कंपनीने मागितले ते आकडे ऐकून ती दोन दिवस जेवली नाही. आता जून २०२४ पासून तसला बोजा नोंदवायला सरकारने बंदी घातलीय, तरी करार तो करारच, मधेच सोडायचा म्हटलं की बायआउट (उरलेली रक्कम एकदम) मागतातच. घरी बसून सही केली असेल तर दहा दिवसांत रद्द करता येतं, हे कुणाला लागलं तर असू द्या.

मिल्टनकर_७८

सगळ्यांचे मनापासून आभार. सही केलेली नाही. गॅस बंद ठेवलाय, कॉस्टकोतून दोन ऑइल-भरलेले इलेक्ट्रिक हीटर आणलेत, एक आईबाबांच्या खोलीत, एक हॉलमध्ये. दोन्ही एकाच सर्किटवर लावले तर ब्रेकर उडाला, तेव्हा बाबांनीच शोधून काढलं की स्वयंपाकघराच्या बाजूचा प्लग वेगळ्या लाइनवर आहे. किचन सिंकखालची कपाटं उघडी ठेवलीत, नळ बारीक सोडलाय, पाइप गोठायला नकोत.

लाइट मोजला, स्टिकरवर ‘फ्लेम सेन्स’ असंच लिहिलंय. उद्या सकाळी एक दुरुस्तीवाला येतोय, ऑफिसातल्या कलीगच्या ओळखीचा.

ओटावाचा_जोशी

एक विचारायचं राहिलं, एसी किती जुना आहे? तोही २००७-०८ चाच असेल तर आर-२२ गॅसवाला असणार, तो गॅस आता नव्याने येत नाही, गळती लागली की एसी गेलाच समजा. एसीची कॉइल फर्नेसच्या डोक्यावरच बसवलेली असते, म्हणून आज नुसता फर्नेस बदलला आणि दोन वर्षांनी एसी गेला की तीच जागा परत उघडा, परत मजुरी. बदलायची वेळ आलीच तर दोन्ही एकदम, आणि एसीच्या जागी कोल्ड क्लायमेटचा हीट पंप (बाहेरच्या थंड हवेतलीही उष्णता ओढून आत आणणारा). उणे दहाच्या आसपासपर्यंत पंप वापरायचा, त्याखाली गॅस फर्नेस. माझ्याकडे तसंच आहे, ओटावाच्या थंडीतही तक्रार नाही. केंद्र सरकारच्या ग्रीनर होम्स योजनेची ५,००० ची ग्रँट मात्र आता नाही, ती २०२४ लाच नवीन अर्जांना बंद झाली, कुणी अजून त्याच्या नावाने विकत असेल तर दार लावून घ्या. फेब्रुवारीच्या थंडीत, आईबाबा कुडकुडतायत असं बघून घेतलेला निर्णय कधी स्वस्तात पडत नाही.

मिल्टनकर_७८

अपडेट देतो. माणूस आला, पंचावन्न-साठीचा इटालियन गृहस्थ, फारसं बोलत नाही. मीटर लावून सेन्सरचा करंट मोजला, ०.६. दांडी काढून घासली, परत मोजला, ३.२. फर्नेस पेटला तो पेटलाच. मग बर्नर काढून कॅमेरा चारही नळ्यांत घातला, मला स्क्रीन दाखवत होता, एका ठिकाणी गंजाचा डाग आहे पण भेग नाही. वरच्या हवेत सीओ शून्य, ब्लोअर चालू असताना पण शून्य. कागदावर लिहून सही करून दिलं. १८० डॉलर. बाबांनी त्याला चहा दिला, आलं घातलेला, त्याने दोन कप प्यायले.

आता खरी गोम. जाताना म्हणाला, तो सुरुवातीला घुर्र करणारा छोटा पंखा, इन्ड्यूसर मोटर, तिचं बेअरिंग जातंय. आवाज मलाही येतो, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा. बदलायचा तर ७५०. पक्याच्या फॉर्म्युल्याने ७५० गुणिले १८ म्हणजे १३,५००, बदला. लंडनवाल्या ताईंच्या हिशोबाने ठेवा. सांगा आता.

गॅसवाला_हॅमिल्टन

७५० घालू नका. या वेळी पक्याचं उत्तर बरोबर आहे, फक्त घाई नको. बेअरिंगचा आवाज येतोय म्हणजे मोटर कधीतरी जाणार, पण उद्याच जाईल असं नाही, असे आवाज करत मोटरी एखादा सीझन सहज काढतात. गेली तरी धोका नाही, इन्ड्यूसर धूर ओढत नसेल तर प्रेशर स्विच लागतच नाही आणि फर्नेस पेटायचं नाकारतो. तेव्हा हा हिवाळा काढा, तुमचे दोन हीटर आहेतच. मोटर मार्चच्या आत गेली तर मात्र घाबरून त्या शनिवारवाल्याला फोन करू नका.

कोटेशनं एप्रिल-मे मध्ये घ्या, हीटिंग संपलेलं असतं आणि एसीची गर्दी सुरू व्हायची असते, तेव्हा लोक नीट बोलतात. तीन घ्या. जो घराचा हीट लॉस (घरातून किती उष्णता बाहेर जाते ते) न काढता जुन्या फर्नेसचा स्टिकर बघून तेवढ्याच बीटीयूचा (क्षमतेचा) नवा लिहून देतो त्याला यादीतून काढा. बिल्डर लोकांनी सर्रास गरजेपेक्षा मोठे बसवलेत, मोठा फर्नेस पाच मिनिटं भडकतो, बंद होतो, परत भडकतो, वरच्या खोल्या थंडच. आणि गरम पाण्याची टाकी कुठे सोडलीय धूर, ते बघा. त्याच पत्र्याच्या पाइपात का?

मिल्टनकर_७८

हो, त्यातच जोडलीय. बेसमेंटमध्ये जाऊन आत्ता बघितलं. टाकी भाड्याची आहे, घराबरोबरच आली.

गॅसवाला_हॅमिल्टन

मग हे प्रत्येक कोटेशनवाल्याला विचारा, कारण निम्मे जण सांगत नाहीत. नवा ९६ वाला त्या पत्र्याच्या धुराड्यातून जातच नाही, प्लास्टिकचे पाइप सहसा भिंतीतून बाहेर काढतात, आणि ते एस-६३६ छापलेलेच लागतात, प्लंबिंगचा साधा पाइप चालत नाही. मग त्या मोठ्या धुराड्यात उरते एकटी टाकी. तिचा धूर थोडा, धुराडं मोठं, तो वर चढायच्या आत गार होतो आणि बेसमेंटमध्ये उलटा येऊ शकतो. त्यासाठी आतून लहान लायनर (बारीक नळी) टाकावा लागतो किंवा टाकी पॉवर-व्हेंटची (पंख्याने धूर बाहेर ढकलणारी) घ्यावी लागते. लायनरचे पाचशे ते हजार कोटेशनमध्ये आधीच धरलेत का, हे लिहून घ्या, नाहीतर बसवायच्या दिवशी ‘एक्स्ट्रा’ म्हणून निघतात. टाकी भाड्याची आहे तर तिच्या कंपनीलाही आधी फोन करा.

भिंतीबाहेरचे पाइप कुठे निघणार तेही बघा. ड्राइव्हवेच्या बाजूला निघाले आणि तुम्ही बर्फ फावड्याने तिकडेच ढकललात तर तोंड बुजतं.

एडिसनचा_पक्या

म्हणजे मी म्हणालो तेच, बदला 😄 फक्त मे महिन्यात. आणि नवा घेतलात की वॉरंटीचं रजिस्ट्रेशन स्वतः करा, बसवणाऱ्यावर सोडू नका. बऱ्याच कंपन्यांची पार्टची दहा वर्षं ६० ते ९० दिवसांत नोंद केली तरच, नाहीतर पाचच.

लंडनवाली_ताई

पक्याला आयुष्यात पहिल्यांदा +१.

मिल्टनकर, त्या इटालियन काकांचा नंबर व्यनि करा ना. आमचा मुलगा ओकव्हिलला आहे, त्याचा फर्नेस परवापासून पेटतो आणि विझतो म्हणतोय.