इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट रविवारी पार्किंगमध्ये बदलू का?

बी-404: नमस्कार मंडळी. आमची पेट्रोल हॅचबॅक सिग्नलला थांबली की आरपीएम 800 ते 1200 वर-खाली होत राहतात. चेक इंजिनचा दिवाही लागलाय. गॅरेजवाल्याने बॉनेटमध्ये नुसतं डोकावून इनटेक मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांच्या जोडाचं, गॅस्केट (सांधा बंद ठेवणारं रबर) गेलंय म्हणून सांगितलं. रविवारी खाली पार्किंगमध्ये मीच बदलू का? कोणाला अनुभव आहे?

सी-102: अरे, कर की. सकाळी लवकर हात घातलास तर दुपारच्या जेवणापर्यंत होईल. पण गॅस्केटच गेलंय हे कशावरून? आवाज येतो का?

बी-404: हो काका. इंजिनच्या मागून बारीक सूं सूं येतं. सकाळी गार असताना जास्त, गाडी तापली की कमी.

सी-102: मग शक्यता आहे. रबर तापल्यावर फुगतं आणि फट बुजते.

डी-203: मी चाकणला इंजिन टेस्टिंगमध्ये आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मॅनिफोल्डमधून इंजिन हवा ओढत असतं, त्यामुळे आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) आतला दाब बाहेरच्यापेक्षा खूप कमी असतो. पुण्यात चावी ऑन, इंजिन बंद असताना मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) साधारण 95 किलोपास्कल दाखवतो. गाडी तापून निवांत आयडलिंगला असेल तर तो 30-35 च्या घरात यायला हवा. फट असली की बाहेरची हवा आत घुसते आणि हा आकडा चढतो.

हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत ही चोरवाटेची हवा मोजलीच जात नाही, हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं आणि बहुतेकदा स्कॅनरवर तसं सांगणारा पी0171 कोड येतो. फक्त मॅप सेन्सर असलेल्या गाडीत कॉम्प्युटर दाब वाढलेला बघून पेट्रोलही वाढवतो, म्हणून तिथे आयडलिंगच चढतं. तुझी गाडी कुठल्या प्रकारची आहे ते आधी बघ, नाहीतर स्कॅनरवर भलताच आकडा धरून बसशील.

बी-404: ताई, मॅप सेन्सरवालीच आहे. आता स्कॅनर लावून बघितलं, आयडलिंगला 46 दाखवतोय.

डी-203: जास्त आहे. तरी मॅनिफोल्ड इतक्यात खोलू नकोस. आधी पीसीव्हीची (इंजिनातल्या वाफा परत मॅनिफोल्डमध्ये नेणारी) नळी, ब्रेक बूस्टरची जाड नळी आणि थ्रॉटल बॉडीजवळचे (आत जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेजवळचे) छोटे व्हॅक्यूम पाइप बोटांनी दाबून बघ. वाकवल्यावर रबरावर बारीक चिरा दिसल्या तर नळी बदल. अख्खं मॅनिफोल्ड उतरवल्यावर कळतं की दोष शंभर रुपयांच्या नळीचा होता, असं होऊ नये. आणि ब्रेकचं पेडल कडक लागत असेल तर गाडी बाहेर काढूच नकोस.

ए-305: यूट्यूबवर कार्ब क्लीनर (कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे) मारून लीक शोधतात ना?

डी-203: कृपया कोणी मारू नका. तो भडकन पेटतो आणि बऱ्याच गाड्यांत तापलेला एक्झॉस्ट हातभर अंतरावर असतो. साध्या फवाऱ्याने जोडावर थोडं पाणी मारायचं, कॉइल आणि वायरिंग सांभाळून. सूं आवाज क्षणभर थांबला की जागा सापडली. खात्रीच हवी तर गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट (धूर सोडून गळती शोधणं) करून घ्यायची.

सेक्रेटरी (ए-101): बेसमेंटमध्ये पेट्रोलचं काम नको, ही कळकळीची विनंती. गेटजवळची मोकळी जागा वापरा. आग विझवायचा सिलिंडर वॉचमनकडून घेऊन जवळ ठेवा. पेट्रोल-ऑइलची फडकी सोसायटीच्या कचऱ्यात टाकायची नाहीत.

बी-404: मान्य, सर. काका, पेट्रोल लाइन सोडवावी लागेल का?

सी-102: इंजेक्टरची रेल (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) मॅनिफोल्डवर असेल तर लागेल. इंजिन चालू असताना फ्युएल पंपाचा फ्यूज काढ, गाडी आपोआप बंद पडेल. मग एकदा सेल्फ मारून उरलेलं प्रेशर काढ. त्यानंतर चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह सोडव. हे सगळं इंजिन गार असतानाच. थ्रॉटल बॉडीला कूलंटची नळी असेल तर तिच्या तोंडाला बोळा लाव. खोलण्याआधी प्रत्येक सॉकेटचा फोटो काढ.

मॅनिफोल्ड निघाल्यावर पहिलं काम म्हणजे हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) पोर्टात, म्हणजे हवा आत जायच्या भोकांत, स्वच्छ फडकी कोंबायची. एक वॉशर आत पडला तर हेड उतरवावं लागतं. जुनं पॅकिंग चिकटलं असेल तर प्लास्टिकच्या पट्टीने खरवड. लोखंडी पातं नको, अल्युमिनियमला ओरखडा पडला की नवीन गॅस्केटही गळणार. आणि दोन्ही बाजूंना थोडं सिलिकॉन लाव.

डी-203: काका, सिलिकॉनचं पटत नाही मला. कागदी पॅकिंगला लावत असतील, पण हे खाचेत बसणारं रबर आहे. सिलिकॉनवर रबर सरकतं, जास्तीचं सिलिकॉन आत ओढलं जातं, आणि काही सिलिकॉनच्या वाफेने ऑक्सिजन सेन्सर खराब होतो. कोरडंच बसवू दे.

सी-102: बरोबर आहे तुझं. माझा हात जुन्या गाड्यांवर बसलाय. कोरडंच बसव रे.

डी-203: मॅनिफोल्ड प्लास्टिकचं असेल तर पालथं घालून स्टीलची पट्टी आडवी ठेवून बघ. मधून उजेड दिसला तर मॅनिफोल्डच वाकलंय, नुसत्या गॅस्केटने भागणार नाही. नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे. टॉर्क (नट किती जोराने आवळायचा तो आकडा) मॉडेलप्रमाणे बदलतो, तुझ्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडाच वापर. अंदाजाने पिळलास तर प्लास्टिकला तडा जातो.

सी-102: टॉर्क रेंच माझ्याकडे आहे, शनिवारी घेऊन जा.

*(रविवार, संध्याकाळ)*

बी-404: झालं! नळ्या ठीक होत्या. गॅस्केट चौथ्या पोर्टापाशी चपटं होऊन कडक झालं होतं, नखाने दाबलं तर खूणही उमटत नव्हती. आता आयडलिंग 750 ला स्थिर, मॅप 33. कोड पुसलाय, दिवा परत आला नाही.

डी-203: छान! दोन-तीन दिवस आयडलिंग थोडं हललं तर घाबरू नकोस, कॉम्प्युटर नव्याने जुळवून घेतो. मात्र उद्या गार इंजिनवर पेट्रोलचा वास येतो का आणि रेलच्या जोडाला ओल आहे का ते बघ.

बी-404: नक्की बघतो, ताई. काका, रेंच रात्री आणून देतो.

सी-102: दे सावकाश. फक्त पेटीत ठेवताना त्याचं सेटिंग सगळ्यांत खालच्या आकड्यावर आण.