१९९२चा कायदा म्हणजे आश्रय नव्हे

अमेरिकेच्या १९९२च्या चिनी विद्यार्थी संरक्षण कायद्याने तिथल्या चिनी विद्यार्थ्यांना राजाश्रय (असायलम) मिळाला, असं म्हटलं जातं. तसं नाही. राजाश्रयात प्रत्येकाला स्वतःला असलेला छळाचा धोका सिद्ध करावा लागतो; इथे थेट ग्रीन कार्ड होतं. अटी मोजक्या: ५ जून १९८९ ते ११ एप्रिल १९९० या काळात कधीतरी अमेरिकेत असणं, आणि त्यानंतर कायदा होईपर्यंत चीनमध्ये ९० दिवसांहून जास्त न राहणं. अर्जाची मुदत जुलै १९९३ ते जून १९९४.

खरी अडचण जे-१ या शैक्षणिक देवाणघेवाणीच्या व्हिसाची होती. शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची सक्ती, म्हणजे जून १९८९मध्ये बीजिंगच्या तिआनमेन चौकातलं आंदोलन चिरडणाऱ्या चिनी सरकारविरुद्ध मोर्चे काढलेल्यांना त्याच सरकारच्या हाती देणं! ती अट काढणारं प्रतिनिधीगृहाच्या सदस्य नॅन्सी पेलोसींचं विधेयक तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी नकाराधिकाराने रोखलं. जानेवारी १९९०मध्ये प्रतिनिधीगृहाने तो ३९० विरुद्ध २५ मतांनी फिरवला, सिनेटमध्ये मात्र ६२-३७, लागणाऱ्या दोन-तृतीयांश बहुमताला चार मतं कमी पडली. तरी विद्यार्थी संघटनांचा रेटा वाया गेला नाही: एप्रिलमध्ये बुशना तेच संरक्षण कार्यकारी आदेशाने द्यावं लागलं. पण आदेश पुढचा अध्यक्ष मागे घेऊ शकतो, म्हणून विद्यार्थी कायद्यासाठी अडून राहिले, आणि ते अगदी योग्य होतं.