पहिली क्रूझ, सहा माणसं, दोन केबिन: खिडकीला पैसे घालावेत का?

मुक्काम_ठाणे

नमस्कार मंडळी. जानेवारीत मुंबई-गोवा-मुंबई क्रूझ करायचं घाटतंय, दोन रात्रींची. आमच्या घरातलं कुणीच आजवर क्रूझवर गेलेलं नाही. माणसं सहा: मी, नवरा, मुलगी ११ वर्षांची, मुलगा ५ वर्षांचा, सासूबाई ७१ आणि सासरे ७६. सासऱ्यांचा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललाय. चालतात छान, पण उंबरा दिसला की थांबून आधी त्याच्याकडे बघतात.

दोन केबिन घ्यायच्या एवढंच पक्कं आहे. एजंट म्हणतो, "मॅडम, गॅरंटीमध्ये घ्या, स्वस्त पडेल, आतली काय नि बाहेरची काय, झोपायलाच तर जायचं." नवऱ्याला बाल्कनी हवी आहे, कारण त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी बाल्कनीत चहाचा कप धरून फोटो टाकलाय.

सासूबाईंचं माहेर रेवसजवळचं. 'रामदास' बुडाली तेव्हा त्या जन्मल्याही नव्हत्या, पण माहेरी आषाढ लागला की अजून तिचं नाव निघतं. त्यांची एकच अट आहे, "पाण्याखालची खोली नको." सासरे देवगडचे. अकरावी झाल्यावर बोटीनेच भाऊच्या धक्क्याला उतरले आणि पुढे सात-आठ वर्षं बोटीनेच ये-जा केली. त्यांना केबिनबद्दल काही म्हणायचं नाही. एवढंच म्हणाले, "देवगडचा दिवा दिसेल का, तेवढं विचार."

तर विचारतेय. खिडकी, बाल्कनी की आतली? आणि बोट लागू नये म्हणून काय करता?

पोह्यावर_शेव

गॅरंटी अजिबात नको!! गॅरंटी म्हणजे केबिनचा प्रकार तुम्ही ठरवायचा आणि नंबर कंपनी देणार, तोही शेवटी शेवटी. आम्ही दोन कुटुंबं गेलो होतो. आम्ही एका डेकवर, आई-बाबा तीन मजले वर, टोकाला. आईचं औषध माझ्या पर्समध्ये राहिलं म्हणून रात्री साडेअकराला नाइटीवर ओढणी घेऊन लिफ्टमधून वर गेलेय, लिफ्टमध्ये सगळे पार्टीच्या कपड्यात.

आणि आमच्या डोक्यावर नेमकं जेवणघर. पहाटे पाचला खुर्च्या ओढायला सुरुवात. दोन्ही दिवस.

बोट लागण्यासाठी अव्होमिन. उलट्या सुरू झाल्यावर नाही, निघायच्या तास-दीड तास आधी. झोप येते खूप. मुलांना किती द्यायची ते तुमच्या डॉक्टरला विचारूनच. बरोबर आलेपाक ठेवा, माझ्या मुलीला त्यानेच बरं वाटलं. जहाजावर घरचं शिजवलेलं बहुतेक चढू देत नाहीत हेही आधीच सांगून ठेवा, आमच्या डिंकाच्या लाडवांचा डबा धक्क्यावरच राहिला. सीलबंद पाकिटं चालली.

बॉयलरसूट

मुक्काम ठाणे, मी ३१ वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, आता रत्नागिरीत घरी बसून आंब्याला पाणी घालतो. निवृत्तीनंतर दोनदा प्रवासी म्हणून क्रूझला गेलो. पहिल्यांदा तर बायको म्हणाली, "सुट्टीवर आहात, भिंतीला कान लावणं बंद करा." तेव्हा जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी सासूबाईंना सांगा, प्रवाशांच्या केबिन पाण्याच्या पातळीच्या वर असतात. पाण्याखाली आम्ही असायचो. आणि 'रामदास' १७ जुलै १९४७ ला, भर पावसाळ्यात निघालेली, गर्दीने भरलेली बोट. तिच्यावर वायरलेससुद्धा नव्हता. जानेवारीतला अरबी समुद्र हा निराळा प्राणी आहे. शंभर टक्के शांत असेल असं कुठलाच दर्यावर्दी म्हणणार नाही, पण वर्षातले बरे महिने तेच.

आता केबिन. लोक "खिडकी की बाल्कनी" यावर डोकं खपवतात. मी म्हणेन, आधी ती केबिन जहाजात कुठे आहे ते बघा. जत्रेत होडीचा झोपाळा असतो ना? टोकाला बसलेला किंचाळतो आणि मधल्या बाकावरचा भेळ खात असतो. जहाजाचं तेच. लांबीच्या मध्यावर आणि जमेल तितकं खाली हालचाल सगळ्यात कमी. जहाजाच्या पोटाला दोन्ही बाजूंनी स्टॅबिलायझर असतात, माशाच्या परांसारखे. ते डावी-उजवीकडचं डोलणं मारतात. पण पुढचं टोक उचलून खाली जाणं, त्याला त्यांचा फारसा उपयोग नाही. म्हणून नाळेकडची केबिन स्वस्तात मिळाली तरी वृद्धांना देऊ नका. शिवाय पहाटे बंदरात शिरताना पुढे बो थ्रस्टर, म्हणजे जहाजाचं नाक बाजूला ढकलणारा पंखा, चालतो, बाहेर नांगरायचं असेल तर साखळी सुटते. साखळीचा आवाज तुमच्या पाच वर्षांच्या चिरंजीवांना आवडेल, बाकी कुणाला नाही. अगदी मागे जहाज ढकलणाऱ्या पंख्याची (प्रोपेलरची) थरथर. ग्लासातलं पाणी बघितलं की कळतं.

दुसरं, डेक प्लॅन. एजंटकडून मागून घ्या. देत नसेल तर एजंट बदला. तुमच्या नंबरच्या वर आणि खाली काय येतं ते बोट ठेवून बघा. दोन्हीकडे केबिनच असतील तर उत्तम. वर नाचाचा हॉल, जेवणघर, पोहण्याचा तलाव असेल तर पोह्यावर शेव यांचं होतं ते तुमचं होईल. नकाशावर एखादी जागा नुसती पांढरी दिसते, नाव नाही, काही नाही. ती रिकामी नसते. तिथे भटारखाना, चादरींचं कोठार, नाहीतर आमच्यासारख्यांची यंत्रं. तिच्या शेजारी जाऊ नका.

मुंबईहून जे एम्प्रेस जहाज निघतं ते १९९० साली फ्रान्समध्ये सें-नाझेरला बांधलेलं, तेव्हाचं नाव नॉर्डिक एम्प्रेस. नवीन जहाजं म्हणजे बाहेरून बाल्कन्यांची चाळच असते. त्या काळी तशी पद्धत नव्हती, त्यामुळे बाल्कन्या मोजक्या आणि महाग. दोन रात्रींत, त्यातही गोव्याचा दिवस खाली उतरून जाणार, तुमचे यजमान बाल्कनीत कितीसे बसतील? चहाचा कप धरून वरच्या उघड्या डेकवरही फोटो येतो. पैसे तिथे वाचवा.

खिडकी मात्र घ्या, पण एकच, आणि ती सासू-सासऱ्यांना. बोट लागते ती कशाने? कानातला तोल सांगतो की आपण हलतोय, आणि डोळ्यांपुढची भिंत सांगते की नाही हलत. डोळ्यांना क्षितिज दिसलं की भांडण मिटतं. बंद केबिनमध्ये दिवा विझवला की इतका मिट्ट काळोख होतो की सकाळ झाली कळत नाही, आणि सासूबाईंच्या मनात रेवस असताना तो नको. फक्त खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली नाही ना, ते विचारा. "अडलेला देखावा" म्हणून जरा स्वस्तात देतात, आणि मग दोन दिवस नारिंगी फायबर बघत बसायचं.

गुडघ्यासाठी: बाथरूमला बहुतेक केबिनमध्ये उंच उंबरा असतो, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. बिनउंबऱ्याच्या, रुंद दाराच्या थोड्या केबिन असतात, पण त्या व्हीलचेअरवाल्यांसाठी, त्या मागू नका. उंबऱ्याला रंगीत चिकटपट्टी लावा, रात्री दिसते. आणि लिफ्टपासून चार-पाच दारं लांब. अगदी समोर नको, रात्री गप्पा मारणारे तिथेच उभे राहतात.

शेवटचं, यात थट्टा नाही. पहिल्या दिवशी मस्टर ड्रिल असतं, म्हणजे संकटात कुठे जमायचं त्याची तालीम. सात आखूड आणि एक लांब भोंगा. लोक त्या वेळात बुफेकडे पळतात. जानेवारी २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया आडवी झाली, ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांचं ड्रिल तोवर झालेलंच नव्हतं. त्यानंतर नियम कडक झाला. सहाही जणांनी जा, आणि पाच वर्षांच्या मुलाच्या मापाचं लाइफजॅकेट केबिनमध्ये आहे का ते चढल्या चढल्या बघा. नसेल तर केबिनवाल्या पोऱ्याला सांगा, लगेच आणून देतो.

दिव्याचं रात्री लिहितो, नकाशा काढावा लागेल.

लायन_सिटीतला_वऱ्हाडी

काकांचं बरोबर आहे, पण आतल्या केबिनला एवढं वाईट म्हणू नका राजेहो. लहान पोरं असतील तर तीच बरी. आमची दोन्ही त्या काळोखात नऊपर्यंत झोपली, घरी सहाला उठून अंगावर नाचतात. चौघांच्या केबिनमध्ये वरचे दोन बंक भिंतीतून खाली येतात, मग जागा आपल्या नागपूरच्या न्हाणीघराएवढीच उरते. बॅगा पलंगाखाली ढकला. पाच वर्षांच्या पोराला वरच्या बंकवर झोपवू नका, किती का रडेना. भिंती लोखंडी असतात, फ्रीजला लावतात तसे चुंबकवाले हूक न्या, ओले कपडे, टोप्या सगळं टांगता येतं. एक्स्टेन्शन बोर्ड आणि इस्त्री नेऊ नका, काढून घेतात.

फोन समुद्रात फ्लाइट मोडवर. जहाजाचं नेटवर्क आपोआप पकडलं तर बिल बघून खरी बोट लागते.

तुम्हाला पासपोर्टची कटकट नाही, आधारवर काम होते. पुढे कधी सिंगापूरहून केली तर व्हिसा मल्टिपल एंट्रीचा घ्या. जहाज पेनांग-फुकेटला जाऊन परत सिंगापूरलाच येते ना, ती दुसरी एंट्री धरतात.

मुक्काम_ठाणे

तुम्ही सगळ्यांनी माझी दोन रात्रींची शोधाशोध वाचवलीत. डेक प्लॅन मागितला तर एजंट म्हणाला, "आजपर्यंत कुणी मागितला नाही." मग पाठवला.

मधोमध, खालच्या बाजूच्या डेकवर एक खिडकीची आणि तिच्यासमोर, बोळाच्या पलीकडे, चौघांची आतली अशी जोडी मिळतेय. वर केबिन, खाली केबिन. एजंटला पुन्हा विचारते तर म्हणतो, तश्शीच जोडी दोन डेक वरही आहे, जरा जास्त पैशात. नवऱ्याने बाल्कनीचा नाद सोडलाय, पण आता वरच्या डेकचा धरलाय.

आणि डावी बाजू घ्यायची की उजवी? सासऱ्यांनी काल जेवताना दुसऱ्यांदा विचारलं. "तुझे ते काका काय म्हणाले?" दोनदा विचारणारा माणूस नाही हा.

बॉयलरसूट

डावी. मुंबईहून दक्षिणेला जाताना किनारा डाव्या हाताला, म्हणजे पोर्ट साइड. येताना उजवीकडे जाईल, पण तेव्हा ते दमलेले असतील.

आता हिशेब. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. मुंबई १८ अंश ५५ मिनिटं, देवगड १६ अंश २२. फरक १५३, म्हणजे सरळ खाली आलात तर दीडशेच्या वर मैल. जहाज ताशी १५ मैलांनी चाललं तर दहा तास. संध्याकाळी सहाला सुटलं तर पहाटे चारच्या आसपास देवगडच्या समोर. वाटेत जयगड साडेबाराच्या सुमाराला, रत्नागिरी दोनच्या. मी रत्नागिरीत झोपलेला असेन, हात करू नका.

दिसेल का? जुन्या बोटी किनाऱ्याला चिकटून जायच्या, हर्णै, जयगड, विजयदुर्ग असं थांबत. माणसं पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, बोटीला लागायची. क्रूझचं जहाज बाहेरून जातं, किती बाहेरून ते कॅप्टनवर आणि कोळ्यांच्या जाळ्यांवर. डोळा पाण्यापासून ६ मीटर उंच असेल तर क्षितिज पाचेक मैलांवर, २० मीटरवर असेल तर नऊ. दिवा स्वतः टेकाडावर असल्याने त्याची उंची त्यात मिळते. म्हणजे यजमानांचा वरच्या डेकचा हट्ट या एका बाबतीत बरोबर निघतो. पण तेवढ्यासाठी रात्रभर जास्त डोलायचं का, ते सासऱ्यांनी ठरवावं. मी असतो तर खालचीच घेतली असती आणि पहाटे स्वेटर घालून वर गेलो असतो.

केबिनमधून बघणार असाल तर आतले सगळे दिवे घालवा, टीव्हीचा लाल ठिपकासुद्धा झाका. आणि प्रत्येक दीपगृहाची लुकलुकायची चाल वेगळी असते, दोन सारख्या चालीचे दिवे शेजारी ठेवत नाहीत. दिसला तर एका झोतापासून दुसऱ्यापर्यंत किती सेकंद, ते मोजायला सांगा.

मुक्काम_ठाणे

काल परतलो. थोडक्यात लिहिते, कपड्यांचा ढीग पडलाय.

बोळाच्या समोरासमोरच्या केबिन हा निर्णय सोन्यासारखा. दोन्ही दारं उघडी ठेवून मुलं इकडून तिकडे. चुंबकाचे हूक सुपरहिट. हाताची बॅग वेगळी ठेवा हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं, मोठ्या बॅगा केबिनला पोचायला संध्याकाळ झाली आणि सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या त्यातच. माझीच चूक. बोट फक्त मुलीला लागली, तीही मोबाइल बघत बसली म्हणून. लाइफजॅकेट मुलाच्या मापाचं नव्हतं, मागितल्यावर दहा मिनिटांत आलं.

जहाज सुटायला जवळजवळ दोन तास उशीर झाला, त्यामुळे काकांचा हिशेब पुढे ढकलला. सासरे तरी तीनपासूनच खिडकीशी. पावणेसहाच्या सुमाराला मी दार ढकललं तर आत काळोख, दोघंही पलंगावर खिडकीकडे तोंड करून बसलेले. एक दिवा दिसत होता, अगदी बारीक, क्षितिजाला टेकलेला. सासरे म्हणाले, देवगड. सासूबाई म्हणाल्या, विजयदुर्गाकडचा कशावरून नसेल? सासऱ्यांनी मोजलं नाही, ते मला पडाव कुठे लागायचा ते सांगत होते. सासूबाईंनी मोजलं. दहापर्यंत, चार वेळा. पण त्यांचे आकडे जपमाळेच्या वेगाने, त्याचे सेकंद किती होतात कुणास ठाऊक.

बॉयलरसूट काका, तुमच्याकडे दिव्यांची यादी असेल तर बघून सांगाल का? नाश्त्यापासून आमच्याकडे वाद चाललाय.